अडीचपट गल्ला होऊनही मधल्या बजेटचा सिनेमा तोट्यात कसा?

मधली_रांग

सिनेमाच्या धंद्याबद्दल वाचताना एक ठोकताळा सारखा भेटतो: निर्मितीला जेवढा खर्च, त्याच्या अडीचपट जागतिक गल्ला झाला की सिनेमाचा खर्च सुटला. हा ठोकताळा लावून दोन काल्पनिक हॉलिवूड सिनेमे शेजारी मांडले.

पहिला: निर्मिती ३.५ कोटी डॉलर, जगभरचा गल्ला ९ कोटी.
दुसरा: निर्मिती २० कोटी डॉलर, गल्ला ५० कोटी.

दोघेही अडीचपटीच्या आसपास, उलट पहिला किंचित पुढेच. तरी पहिल्यासारख्या सिनेमाला 'आपटला' म्हणतात आणि दुसऱ्यासारख्याला 'काठावर पास', हे कसं? आणि एका मोठ्या सिनेमाच्या पैशात पाच-सहा मधले निघतात. त्यातला एक जरी उचलला गेला तरी फिटंफाट व्हायला हवी. मग स्टुडिओ मधले सिनेमे कमी का करत गेले? जाणकारांनी आकडेमोडीसकट सांगावं. 'प्रेक्षकांची आवड बदलली' हे उत्तर सोडून काहीही चालेल.

हिशेबनीस

तुमच्या मांडणीत एक खर्च गायब आहे आणि सगळी गोम तिथेच आहे: प्रसिद्धी आणि वितरण. बातमीत छापून येणारं बजेट म्हणजे फक्त निर्मिती. जाहिराती, ट्रेलर, थिएटरांना पोचवायच्या डिजिटल प्रती, डबिंग, कलाकारांचे प्रचारदौरे हे सगळं त्याच्या बाहेर असतं.

आता तुमचेच दोन सिनेमे घेऊ. देशी गल्ला म्हणजे अमेरिका आणि कॅनडा. तिथल्या तिकिटाच्या पैशातला साधारण निम्मा वाटा वितरकाकडे येतो, मोठ्या सिनेमाला थोडा जास्त, ५५ टक्क्यांपर्यंत. बाकी जगातून सरासरी ४० टक्के. चीनमध्ये वाटणीच्या तत्त्वावर आलेल्या परदेशी सिनेमाला २५ टक्के. गल्ल्याची देशवार फोड आणि प्रसिद्धीचे आकडे मी उदाहरणापुरते धरतोय, पण त्या त्या आकाराच्या सिनेमाला शोभतील असेच.

पहिला सिनेमा. गल्ला ९ कोटी: देशी ६, परदेशी ३. हातात येतात ३ अधिक १.२, म्हणजे ४.२ कोटी. खर्च: निर्मिती ३.५, प्रसिद्धी ३.५, एकूण ७ कोटी. तूट २.८ कोटी, म्हणजे घातलेल्या पैशाच्या ४० टक्के.

दुसरा सिनेमा. गल्ला ५० कोटी: देशी १८, चीन ५, उरलेलं जग २७. हातात ९.९ अधिक १.२५ अधिक १०.८, म्हणजे २१.९५ कोटी. खर्च: निर्मिती २०, प्रसिद्धी १३, एकूण ३३. तूट ११.०५ कोटी, म्हणजे साधारण ३३ टक्के.

दोघेही थिएटरात तोट्यातच आहेत! अडीचपटीच्या ठोकताळ्यात एक गोष्ट न बोलता धरलेली असते: उरलेला खड्डा टीव्ही, डिजिटल भाडं, विक्री, ओटीटी यातून भरेल. मोठ्याला एक तृतीयांश भरून काढायचं आहे, मधल्याला दोन पंचमांश. निव्वळ थिएटरवर सुटायचं झालं तर दुसऱ्याला सुमारे ७५ कोटी लागतील (पावणेचारपट) आणि पहिल्याला १५ कोटी (सव्वाचारपट). म्हणजे सिनेमा लहान झाला म्हणून त्याचा गुणक लहान होत नाही, उलट वाढतो.

कारण प्रसिद्धीचा खर्च बजेटच्या प्रमाणात खाली येत नाही. तीन हजार थिएटरांत एकाच शुक्रवारी लागायचं असेल तर देशभर लोकांना नाव आणि तारीख कळायलाच हवी, आणि त्याचा एक किमान दर आहे. टीव्हीवरच्या ३० सेकंदांची किंमत सिनेमाचं बजेट विचारून ठरत नाही. वर जुन्या मालिकेचा पुढचा भाग असेल तर फक्त 'येतोय' एवढंच सांगायचं असतं. मधला सिनेमा बहुतेक वेळा नवी गोष्ट घेऊन येतो, त्यामुळे तो काय आहे इथपासून सुरुवात. दर माणशी पटवण्याचा खर्च त्यालाच जास्त.

स्टुडिओंनी मधले सिनेमे का सोडले याचं दुसरं अर्धं उत्तर डीव्हीडी. २००० नंतरच्या दशकाच्या मध्यावर डीव्हीडीची विक्री शिखरावर होती, आणि थिएटरात जेमतेम चाललेला कौटुंबिक किंवा कोर्टकचेरीचा सिनेमा तिथे निवांत वसूल व्हायचा. वरच्या उदाहरणातला २.८ कोटींचा खड्डा तेव्हा फारसा कुणाला घाबरवत नव्हता. तो बाजार बसला तसा खड्डा उघडा पडला. भव्य सिनेमाला खेळणी, थीम पार्क, पुढचे भाग अशा दुसऱ्या वाटा आहेत. घटस्फोटावरच्या सिनेमाची खेळणी निघत नाहीत.

सोमवारचा_शो

हिशेबनीस यांचं गणित बरोबर आहे, पण ते एका जागी थांबलेलं गणित आहे. गल्ला *कधी* येतो यावर बरंच काही ठरतं.

दोन आकडे बघायची सवय लावा. एक, गुणोत्तर: एकूण देशी गल्ला भागिले पहिल्या वीकेंडचा गल्ला. मालिकेतल्या मोठ्या सिनेमांचं हे २.२ ते २.८ मध्ये घुटमळतं. ३ च्या वर गेलं की लोक एकमेकांना सांगताहेत. ४ च्या वर म्हणजे सिनेमाला पाय फुटले. दोन, दुसऱ्या वीकेंडची घसरण: ४० टक्क्यांच्या आत असेल तर छान, ५० ते ५५ नेहमीची, ६५ च्या पुढे गेली की समजा पहिल्या तीन दिवसांत जे यायचे होते ते येऊन गेले.

सगळ्यात स्पष्ट जोडी 'जोकर'ची. २०१९ चा पहिला भाग सुपरहिरो-विश्वातला असूनही ५.५ ते ७ कोटी डॉलरच्या घरात बनला. देशी पहिला वीकेंड ९.६ कोटी, देशी एकूण साडेतेहेतीस कोटी, गुणोत्तर साधारण ३.५. जगभरात १०० कोटींच्या वर गेला, तेही चीनमध्ये प्रदर्शित न होता. २०२४ च्या दुसऱ्या भागाचं बजेट २० कोटींच्या आसपास छापून आलं. पहिला वीकेंड ३.८ कोटींच्या आतबाहेर, दुसऱ्या वीकेंडला सुमारे ८० टक्के घसरण, देशी एकूण ५.८ कोटी, गुणोत्तर १.५५. जगभरचा गल्ला २० कोटींच्या जरासा वर. पात्र तेच, दिग्दर्शक तोच, नट तोच. पहिला भाग मधल्या बजेटचा होता म्हणून त्याला चुकायला जागा होती. दुसऱ्याला पहिल्याच दिवशी इतिहास घडवणं भाग होतं.

उलट टोकाला 'द ग्रेटेस्ट शोमन' (२०१७). पहिला वीकेंड फक्त ८८ लाख डॉलर. त्या सोमवारी बहुतेकांनी त्याला मोडीत काढलं असणार. देशी एकूण १७.४ कोटी, गुणोत्तर जवळजवळ २०. बजेट सव्वाआठ-साडेआठ कोटी, म्हणजे मधल्याच्या वरच्या टोकाला.

आता यात चुकतं कुठे ते सांगतो. असे पाय फुटायला सिनेमा पडद्यावर *टिकायला* हवा, आणि ते सिनेमाच्या हातात नसतं. थिएटरवाले सोमवारी सकाळी वीकेंडचे आकडे बघून पुढच्या शुक्रवारचे शो लावतात. दर स्क्रीनमागे किती जमले, एवढाच प्रश्न. मधल्या सिनेमाचा पहिला वीकेंड मंद असतोच, आणि नेमक्या दुसऱ्या शुक्रवारी एखादा अवाढव्य सिनेमा आला तर याचे संध्याकाळचे शो जातात आणि दुपारी साडेबाराचा एक उरतो. मग आकडे आणखी पडतात आणि तिसऱ्या आठवड्यात सिनेमा उतरतो. लोकांना आवडला होता की नाही हे कुणाला कळतच नाही.

मोठे वितरक अटीही घालतात. डिसेंबर २०१७ मधल्या स्टार वॉर्सच्या भागासाठी डिस्नेने ६५ टक्के वाटा आणि चार आठवडे थिएटरातला सर्वांत मोठा पडदा मागितल्याच्या बातम्या आल्या होत्या. चार आठवडे मोठा पडदा अडला की एक-दोन पडद्यांच्या थिएटरात बाकीच्यांनी जायचं कुठे?

कॅन_नंबर_तीन

थोडा वाद घालतो. वरच्या दोन्ही प्रतिसादांतून असं चित्र उभं राहतं की मोठा सिनेमा म्हणजे दांडगा आणि सुरक्षित. तसं नाही. फक्त त्याचा धोका दुसरीकडे आहे, तारखेत.

मोठ्या सिनेमाची प्रदर्शनाची तारीख पटकथा पक्की व्हायच्या आधी ठरते. दोन-तीन वर्षं आधी. पडदे, जाहिराती, सोबतचे ब्रँड सगळे त्या तारखेला बांधलेले असतात. त्यामुळे पुढे कथा बिघडलीय हे दिसलं तरी थांबता येत नाही, पैसे ओतून वेळ विकत घ्यावा लागतो: पुनर्चित्रण, व्हीएफएक्सचं (संगणकी दृश्यांचं) काम चार ऐवजी दहा कंपन्यांत वाटणं, रात्रपाळ्या. एक उदाहरण बघा. शेवटच्या लढाईत काय घडणार हे ठरलेलं नसताना ती निळ्या पडद्यासमोर चित्रित केली. नंतर ठरलं की लढाई रात्रीची हवी. आता प्रत्येक शॉटमध्ये नटाच्या चेहऱ्यावरचा उजेड चुकीच्या दिशेने आलेला आहे. तो शॉटमागून शॉट दुरुस्त करायचा. असे शॉट शेकड्यांनी असतात. सिनेमात एका पैशाचीही भर न पडता बजेट फुगतं ते इथे.

मधल्या सिनेमात हे परवडतच नाही, म्हणून शिस्त आपोआप येते. चित्रीकरणाचे ४०-५० दिवस, मोजकी लोकेशन्स, १० टक्के आकस्मिक निधी आणि बहुतेकदा पूर्णता-हमी. ही हमी देणारी कंपनी बजेटच्या २-३ टक्के घेते आणि सिनेमा वेळेत पुरा करून द्यायची जबाबदारी उचलते. दिवस वाढू लागले तर ती सेटवर माणूस बसवते आणि पटकथेची पानं कापायला लावते. स्वतंत्र निर्मात्याला बँकेचं कर्ज मिळतं ते याच कागदावर, आणि दुसऱ्या कागदावर म्हणजे आगाऊ विक्रीवर. जर्मनी, जपान, फ्रान्स असे एकेक प्रदेश किमान हमी रकमेवर आधीच विकायचे. वितरक त्यातले १०-२० टक्के सही करताना देतो आणि बाकीचे सिनेमा हातात आल्यावर. बँक त्या करारांवर कर्ज देते. गोची एवढीच की परदेशी वितरक विचारतो: नट कोण आणि प्रकार कोणता? थरार आणि भय सीमा ओलांडतात. विनोद आणि देशी राजकारण बहुधा विमानतळावरच अडतं.

सुरक्षिततेबद्दल बोलायचं तर २०१२ मध्ये 'जॉन कार्टर'पायी डिस्नेने २० कोटी डॉलरचा तोटा जाहीर केला. जगभरचा गल्ला २८ कोटींच्या वर होता, तरीही! १९८० चा 'हेवन्स गेट' त्याहून भयंकर: साडेचार कोटींच्या आसपास खर्च, गल्ला चाळीस लाखांच्याही आत, आणि वर्षभरात युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनीच विकली गेली. सहा मधल्या सिनेमांपैकी चार पडले म्हणून कंपनी विकायची वेळ सहसा येत नाही.

आणि मोठे एकमेकांनाही खातात. १२ जुलै २०२३ ला 'मिशन इम्पॉसिबल'चा सातवा भाग लागला, बजेट २९ कोटींच्या घरात. नऊ दिवसांनी 'ओपनहायमर' आला आणि आयमॅक्सचे पडदे तीन आठवड्यांसाठी त्याच्याकडे गेले, कारण तो करार आधीच झालेला होता. 'ओपनहायमर'चं बजेट १० कोटी, म्हणजे समोरच्याच्या जवळपास तिसरा हिस्सा. गल्ला ९५ कोटींच्या पुढे. 'मिशन'चा ५७ कोटी. महागड्या तिकिटांचे पडदे नवव्या दिवशी गमावणं एवढ्या बजेटला सोसत नाही.

मधली_रांग

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. शिकवणीचा गृहपाठ करून बघतो, तपासून द्या.

'एनीवन बट यू' (२०२३ ची अखेर). बजेट २.५ कोटी, देशी पहिला वीकेंड ६० लाख, देशी एकूण ८.८ कोटी, जगभरात २२ कोटी. गुणोत्तर साडेचौदा. वितरकाच्या हातात: देशी ८.८ चे ४.४, परदेशी १३.२ चे ५.३, एकूण ९.७ कोटी. प्रसिद्धी ३.५ धरली तर खर्च ६ कोटी. थिएटरातूनच ३.७ कोटी वर. बरोबर? आणि मग प्रश्न असा की छापून येणाऱ्या बजेटवर विसंबायचं किती?

हिशेबनीस

दिशा बरोबर, दोन दुरुस्त्या.

एक, सिनेमा रेंगाळत चालला की प्रसिद्धी थांबत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नव्या जाहिराती बनवाव्या लागतात, चित्रफिती सोडाव्या लागतात. तुमचे ३.५ कमी पडू शकतात, ४-४.५ धरून पाहा. तरी फायदा उरतोच.

दोन, वितरकाचा वाटा सगळ्या आठवड्यांना सारखा असेल असं नाही. जुन्या पद्धतीत पहिल्या आठवड्यात वितरकाचा हिस्सा मोठा आणि पुढे दर आठवड्याला थिएटरकडे झुकणारा. त्या करारात दहा आठवडे चाललेला सिनेमा थिएटरवाल्याला गोड लागतो आणि वितरकाची सरासरी खाली येते. हल्ली अनेक करार एकूण गल्ल्याच्या टप्प्यांवर असतात, मग हा फरक पुसट होतो. कोणता करार आहे हे बाहेरून कळत नाही, म्हणून ५० टक्के धरायचे आणि पुढे जायचं.

तुमच्या मूळ प्रश्नाला धरून आणखी एक, कारण याशिवाय चित्र अर्धं राहतं. थिएटरनंतरच्या सशुल्क टीव्ही किंवा ओटीटीच्या ठोक करारात हक्कांची रक्कम बऱ्याचदा देशी गल्ल्याच्या पायऱ्यांवर ठरते: इतका गल्ला तर इतके पैसे, वर एक कमाल मर्यादा. म्हणून थिएटरात तूट सोसूनही गल्ला वाढवण्यात अर्थ असतो, त्या आकड्यावर पुढची पावती फाटते. थेट ओटीटीला विकलेल्या सिनेमात हे नसतं. तिथे साधारणपणे खर्च अधिक ठरावीक टक्केवारी एवढंच मिळतं. तोटा नाही, पण घबाडही नाही. मधल्या बजेटचे कितीतरी सिनेमे तिकडे गेले ते या हमीमुळे.

रोकड_वही

छापील बजेटच्या प्रश्नावर. बातमीत येतो तो आकडा कुणीतरी दिलेला असतो, आणि देणाऱ्याला हेतू असतो. भव्यता विकायची असेल तर फुगवलेला, भागधारकांना शांत ठेवायचं असेल तर दाबलेला. कधी सरकारी सवलत वजा करून दिलेला, कधी न करता. ब्रिटनमध्ये चित्रीत झालेल्या सिनेमांचे हिशेब त्यातल्या त्यात भरवशाचे. तिथे करसवलत घ्यायला प्रत्येक सिनेमासाठी वेगळी कंपनी काढतात, तिचे ताळेबंद सार्वजनिक असतात आणि तिथे झालेल्या, सवलतीला पात्र ठरणाऱ्या खर्चाच्या साधारण चौथा हिस्सा सवलत परत येते. ते ताळेबंद उघडल्यावर गाजलेल्या मालिकांच्या भागांचा खर्च बातमीतल्या आकड्यापेक्षा बराच जास्त निघाल्याची उदाहरणं आहेत. वाचताना बघायचं एवढंच की आकडा सवलतीआधीचा आहे की नंतरचा, आणि पुढच्या वर्षीचा ताळेबंद जोडलाय का. चित्रीकरण एका आर्थिक वर्षात आणि व्हीएफएक्सची बिलं दुसऱ्यात, असं सर्रास असतं.

'निव्वळ नफा' या शब्दावर तर अजिबात जाऊ नका. १९८८ चा 'कमिंग टू अमेरिका' जगभरात २५ कोटी डॉलरच्या वर गेला, आणि कथेच्या हक्कावरून खटला झाला तेव्हा स्टुडिओचं म्हणणं होतं की निव्वळ नफा शून्य. वितरण शुल्क, कार्यालयीन खर्चाची टक्केवारी, त्यावर व्याज अशा वजावटी चढत जातात. १९९० मध्ये न्यायालयाने त्या करारातली काही कलमं अन्यायकारक ठरवली. मोठ्या ताऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून ते गल्ल्यातला पहिला हिस्सा मागतात. तो हिस्साही मोठ्या सिनेमाच्या खर्चात धरा. बातमीतल्या बजेटमध्ये तो नसतो, आणि सिनेमा जितका चालतो तितका तो वाढत जातो.

सोमवारचा_शो

रोकड_वही, भारी माहिती.

मधली_रांग, तुम्ही गृहपाठ आवडीने करताय म्हणून एक बारकावा. पहिल्या वीकेंडचा आकडा घेताना गुरुवारच्या संध्याकाळचे आगाऊ शो शुक्रवारात मिसळलेले असतात. ते वजा करा आणि मग निव्वळ शुक्रवार आणि शनिवार शेजारी ठेवा. शनिवार वर गेला असेल तर बाहेरून लोक येताहेत. शनिवार खाली असेल तर चाहते गुरुवारीच येऊन गेले, आणि रविवारी स्टुडिओने दिलेला अंदाज सोमवारच्या पक्क्या आकड्यात बहुतेकदा खाली सरकतो. मोठ्या मालिकांच्या सिनेमांत एकूण वीकेंडच्या पाचवा हिस्सा एकट्या गुरुवारचा असू शकतो. मधल्या सिनेमात तो नगण्य असतो, म्हणून दोघांच्या शुक्रवारची थेट तुलना करू नका.